ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीचं कार्टून कसं करायचं

आधी साधी, मापातली पद्मिनी बनवा, मिरर मॉडिफायर (आरशासारखी दुसरी बाजू आपोआप करणारा) लावून अर्धीच, आणि मगच वाकडी करायला घ्या, नाहीतर कुठली रेघ चुकून वाकडीये आणि कुठली मुद्दाम ते आपल्यालाच कळत नाही. मग बॉडीला लॅटिस (भोवतीचा पिंजरा, तो ओढला की आतला आकारही बदलतो) लावा, लांबी निम्मी करा, टप फुगवा. चाकं मात्र लॅटिसच्या बाहेर हां, नाहीतर त्यांची अंडी होतात (माझी झालीयेत), ती वेगळी दीडपट मोठी करा. कीबोर्डवर ओ दाबून प्रपोर्शनल एडिटिंग (एक बिंदू ओढला की आजूबाजूचेही थोडे सरकतात) चालू केलं की गोल हेडलाइट डोळ्यांसारखे बाहेर खेचता येतात. सगळंच फुगवू नका राव, दोन-तीनच गोष्टी, माझ्या मते डोळे, मागचे छोटे फिन (पंखांसारखे उंचवटे) आणि टपावरचं कॅरियर. सबडिव्हिजन (पृष्ठभाग गुळगुळीत करणारा मॉडिफायर) शेवटी, 2 लेव्हल पुरे.