घरच्या व्यायामासाठी मशीन की फ्री वेट्स? निवड करण्यापूर्वी तपासायच्या गोष्टी

घरीच ताकदीचा व्यायाम करायचे ठरले की पहिला पेच खरेदीचा पडतो. सीट, पुली आणि केबल असलेले मल्टिजिम घ्यावे की फ्री वेट्स, म्हणजे डंबेल, बारबेल (दोन्ही हातांनी धरायचा लांब दांडा) आणि सुट्या प्लेट्स घ्याव्यात? हा पेच सोडवताना स्नायू कशाने जास्त वाढतील, या प्रश्नावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. सेटच्या, म्हणजे सलग केलेल्या एका फेरीच्या, शेवटच्या काही आवर्तनांत खरोखर कष्ट पडत असतील आणि भार हळूहळू वाढत असेल, तर तो भार केबलमधून आला की लोखंडी दांड्यातून, याने स्नायूंच्या वाढीत फारसा फरक पडत नाही. आजवरच्या तुलनात्मक अभ्यासांचा कलही तसाच आहे. ताकद मात्र ज्या हालचालीचा सराव केला तिच्यातच सर्वाधिक दिसते. लेग प्रेसवर (पायांनी वजन ढकलण्याच्या मशीनवर) मोठा भार ढकलणारा माणूस बारबेल खांद्यावर घेऊन स्क्वॉट (उठाबशा) करू लागला की सुरुवातीला अडखळतो, आणि उलट बाजूनेही तेच घडते. घरच्या निवडीचा निकाल म्हणूनच बहुतेक वेळा व्यवहारी गोष्टींवर लागतो, आणि त्यांत सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे सुरक्षितता.

घरी व्यायाम करणारा माणूस सहसा एकटा असतो. बेंच प्रेसचे, म्हणजे बाकावर उताणे पडून वजन छातीवरून वर ढकलण्याचे, शेवटचे आवर्तन अडले आणि बारबेल छातीवर टेकला, तर तो उचलायला शेजारी कोणी नसते. त्यामुळे बारबेल घ्यायचा असेल तर दोन्ही बाजूंना आडवे सुरक्षा दांडे असलेला रॅक त्याच्याबरोबरच घ्यावा. हा खर्च पुढे ढकलण्याजोगा नाही. बेंचवर पडून छाती थोडी वर उचलली असता दांडे छातीच्या किंचित खाली आणि छाती सपाट सोडली असता किंचित वर राहतील, अशा उंचीवर ते लावावेत आणि प्लेट न चढवता रिकाम्या बारने एकदा मुद्दाम खाली सोडून पाहावे. रॅकला जागा नसेल तर एकट्याने बारबेलवर बेंच प्रेस करूच नये, डंबेल वापरावेत. डंबेल अडले तर ते दोन्ही बाजूंना खाली सोडता येतात. बसल्या जागी ते मांड्यांवर उभे ठेवायचे आणि मागे पडताना गुडघ्याच्या हलक्या धक्क्याने छातीजवळ आणायचे, ही पद्धत हलक्या वजनावर आधी शिकून घ्यावी, कारण खांद्याला इजा व्हायची शक्यता अनेकदा उचलण्यापेक्षा जागेवर आणताना असते.

मशीन या बाबतीत निर्धास्त वाटते आणि बऱ्याच अंशी ते खरेही आहे; हात सुटला तरी वजन आपल्या अंगावर न येता रचलेल्या प्लेट्सवर जाऊन आदळते. मात्र घरात लहान मुले असतील तर त्याच प्लेट्सच्या फटीत बोटे सापडू शकतात, म्हणून व्यायाम संपल्यावर वजन निवडण्याची पिन काढून वर ठेवावी.

दुसरी गोष्ट भार वाढवण्याच्या पायऱ्यांची, आणि खरेदी चुकते ती बहुधा इथे. ५ किलोच्या डंबेलवरून ७.५ किलोवर गेले की भार एकदम ५० टक्क्यांनी वाढतो, तर २० किलोवरून २२.५ किलोवर गेले की केवळ १२.५ टक्क्यांनी. खांद्यासारख्या लहान स्नायूंना पहिली उडी झेपत नाही आणि माणूस महिनोन्‌महिने त्याच वजनावर अडकून राहतो. ठरावीक वजनाच्या दोन-तीन जोड्या घेण्यापेक्षा प्लेट बदलता येणारे डंबेल आणि सोबत अर्ध्या किंवा सव्वा किलोच्या लहान प्लेट्स घेणे म्हणूनच शहाणपणाचे. ८ आवर्तनांपासून सुरुवात करून १२ नीट जमू लागली की भार वाढवायचा आणि पुन्हा ८ वर यायचे, हा साधा क्रम बहुतेकांना पुष्कळ काळ पुरतो.

मल्टिजिमची अडचण वेगळी आहे. हातांच्या व्यायामाला त्यातील वजन भरपूर वाटते, पण पायांना ते लवकरच अपुरे पडते. शिवाय प्लेटवर छापलेला आकडा आणि हाताला जाणवणारा भार यांत तफावत असू शकते. पुलीच्या काही रचनांत प्रत्यक्ष भार छापील आकड्याच्या निम्माच येतो. त्यामुळे एका मशीनवरचा आकडा दुसऱ्या मशीनशी किंवा डंबेलशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

जागेचा हिशेब कागदावर करण्याऐवजी जमिनीवर करावा. यंत्राची लांबी-रुंदी चिकटपट्टीने फरशीवर आखून पाहिली की त्याच्याभोवती फिरायला, सीटवर बसायला आणि दार उघडायला किती जागा उरते ते लगेच कळते. पूर्ण आकाराचा बारबेल २.२ मीटर लांब आणि २० किलो वजनाचा असतो, आणि प्लेट्स चढवायला दोन्ही बाजूंना आणखी निदान अर्धा मीटर मोकळा लागतो. या बारच्या टोकांचा व्यास ५० मिलिमीटर असतो, त्यामुळे लहान छिद्राच्या प्लेट्स त्यात बसत नाहीत. पहिल्या खरेदीतच छिद्राचे एक माप ठरवून टाकावे.

माझे मत विचाराल तर, निरोगी माणसाने सुरुवात प्लेट बदलता येणाऱ्या डंबेलच्या एका जोडीने आणि पाठ वर-खाली करता येणाऱ्या बेंचने करावी. एवढ्यात स्क्वॉट, कमरेतून वाकून उचलणे, छातीसमोर आणि डोक्यावर ढकलणे, वाकून ओढणे हे सगळे होते. प्रौढांनी सर्व मोठ्या स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून निदान २ दिवस करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस या सामानात सहज पाळता येते. उणीव राहते ती वरून खाली ओढण्याच्या हालचालीची. पुलअप जमत असेल तर दाराच्या चौकटीतला बार पुरतो. जमत नसेल तर काही महिन्यांनी केबल-पुलीचे साधे यंत्र जोडावे. गुडघ्यातून पाय वाकवून करायचा मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायामही मशीनवरच अधिक नीट होतो.

मशीनने सुरुवात करणे काहींना खरोखर हिताचे ठरते. तोल जाण्याची भीती असलेले, उतारवयात प्रथमच वजन हातात घेणारे, किंवा पकड कमकुवत असलेले लोक ठरलेल्या मार्गावर चालणाऱ्या यंत्रावर निर्धास्तपणे जोर लावू शकतात. दुखापतीतून सावरणाऱ्यांनी मात्र कोणते यंत्र आणि किती भार, हे फिजिओथेरपिस्टकडूनच ठरवून घ्यावे. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि दोन्ही प्रकारांत जोर लावताना श्वास रोखू नये, कारण त्या क्षणी दाब आणखी चढतो.

मशीन घ्यायचेच ठरले तर त्यावर स्वतः बसून पाहिल्याशिवाय घेऊ नये. पाय सरळ करण्याच्या यंत्रात फिरणारा सांधा आपल्या गुडघ्याच्या रेषेत यायला हवा. सीट मागे-पुढे होत नसेल आणि ही रेषा जुळत नसेल, तर ते यंत्र दुसऱ्या कुणाच्या मापाचे समजावे. वापरलेल्या लोखंडी प्लेट्स गंजलेल्या असल्या तरी चालतात, केबलचे तसे नाही. ती टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपावी, विशेषतः हुकाजवळ आणि पुलीवरून वळते तिथे. वरचे प्लास्टिक तडकलेले असेल किंवा आतली तार टोचत असेल, तर नवी केबल बसवेपर्यंत त्या यंत्रावर वजन लावू नये.