‘डोकं लाव!’ म्हणण्याआधी: मुलांच्या फुटबॉल सरावात या चुका टाळा

रविवारी सकाळी नाशिकच्या सिडकोतल्या कुठल्याही मोकळ्या मैदानावर जा. अर्ध्या मैदानात टेनिस बॉलचं क्रिकेट, उरलेल्या अर्ध्यात विटा मांडून केलेले गोल आणि कडेला उभे असलेले पोरांचे बाबा. चेंडू उंच उडाला की त्या कडेवरून हमखास आवाज येतो, “डोकं लाव, डोकं!” मी पोरांना शिकवायला लागलो तेव्हा पहिली दोन वर्षं मीही हेच ओरडत होतो. नऊ-दहा वर्षांच्या पोरांना रिंगणात उभं करायचो, मधल्याने चेंडू फेकायचा, बाकीच्यांनी डोक्याने परत द्यायचा. प्रत्येकी वीस. एकदा सरावानंतर सगळे मिसळ खायला बसलो होतो. एका पोराने पावाला हातही लावला नाही. “काय रे?” विचारलं तर म्हणाला, “सर, डोकं जड झालंय.”

मी म्हणालो, “होईल सवय.”

सवय होते हा समज

सवय कपाळाच्या कातडीला होते, मानेच्या स्नायूंना होते. मेंदूला होत नाही. मेंदू कवटीच्या आत द्रवात असतो. डोक्याला एकदम झटका बसला की तो आतल्या आत हिंदकळतो. बाहेर ना टेंगूळ, ना रक्त. आपल्याकडे याला ‘मुका मार’ असा नेमका शब्द आहे, पण तो आपण पाठीला, पायाला वापरतो. डोक्याच्या बाबतीत सोयीस्कर विसरतो. त्यात लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि मान बारीक. तोच चेंडू मोठ्या माणसापेक्षा त्याला जास्त हादरवतो.

२०१६ साली स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात तरुण खेळाडूंना कॉर्नरच्या, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या किकच्या, वेगाने आलेले वीस चेंडू डोक्याने मारायला लावले. त्यानंतर लगेच घेतलेल्या स्मरणशक्तीच्या चाचणीत त्यांची कामगिरी ४१ ते ६७ टक्क्यांनी घसरली आणि चोवीस तासांत पूर्ववत झाली. वीस! माझ्या रिंगणातला आकडाही तोच होता, हे वाचून मला घाम फुटला. माझी पोरं काही कॉर्नरचे चेंडू मारत नव्हती, हाताने फेकलेले होते, हे खरं. पण ती मोठी माणसंही नव्हती.

आता उगाच घाबरवून सोडायचं नाही म्हणून दुसरी बाजूही सांगतो. ज्या अभ्यासामुळे जगभर गाजावाजा झाला तो ग्लासगो विद्यापीठाचा, २०१९ चा. स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची नोंद तपासली, तर अल्झायमरसारख्या मेंदूच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण सामान्य लोकांच्या साडेतीन पट निघालं. त्याच खेळाडूंमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी होते. ही आयुष्यभर पोटासाठी फुटबॉल खेळलेली माणसं. रविवारी दोन तास खेळणाऱ्या पोराला तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. हेडिंगच, म्हणजे चेंडू डोक्याने मारणंच, कारण, असंही त्यातून सिद्ध होत नाही. पण २०२१ मध्ये त्याच गटाने खेळाडूंच्या जागांप्रमाणे हिशेब मांडला, तेव्हा बचावपटूंचा धोका सुमारे पाच पट आणि गोलकीपरचा जवळपास सामान्य माणसाइतकाच दिसला. चेंडू डोक्याने कोण जास्त मारतं आणि कोण हाताने धरतं, हे मैदानावर गेलेल्याला सांगावं लागत नाही.

मोजदाद न ठेवणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. लहान मुलांच्या सामन्यात हेडर असतात किती? एखाद्या पोराच्या वाट्याला एक, फार तर दोन. कित्येकदा शून्य. सरावात मात्र दहा मिनिटांत वीस होतात. म्हणूनच इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या संघटनांनी फेब्रुवारी २०२० मध्ये पहिला हात सरावाला घातला. ११ वर्षांखालच्यांना सरावात हेडिंग बंद. १२ खालच्यांना महिन्यातून एक सत्र, त्यात पाच हेडर. १३ खालच्यांना आठवड्यातून एक सत्र, पाच हेडर. १४ ते १६ खालच्यांना आठवड्यातून एक सत्र, दहा हेडर. अमेरिकेने त्याही आधी, २०१५ च्या शेवटी, एका खटल्याच्या तडजोडीत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं हेडिंग पूर्ण बंद केलं आणि ११ ते १३ वयाच्या मुलांच्या सरावाला मर्यादा घातली. इंग्लंडमध्ये २०२४-२५ च्या हंगामापासून लहान मुलांच्या सामन्यांतूनही ते टप्प्याटप्प्याने काढायला सुरुवात झाली.

हे नियम नाशिकच्या मैदानावर बंधनकारक नाहीत. पण आकडा हाताशी असला की तोंडाला लगाम बसतो, हा अनुभव. आता हजेरीच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे एक रकाना जास्त आखलाय. हेडर झाला की रेघ. पाच रेघा झाल्या की त्या पोराचा कोटा संपला, मग तो कितीही “सर, एकच” म्हणो.

आता मोजूनही चुकतं कुठे? एकच पोरगा सकाळी शाळेच्या संघात, संध्याकाळी गंगापूर रोडला अकॅडमीत आणि रविवारी आमच्याकडे. शाळेतले सर पाच मोजतात, अकॅडमीतले कोच पाच मोजतात, मी पाच मोजतो. प्रत्येकाची वही स्वच्छ, पोराचे झाले पंधरा. आंतरशालेय स्पर्धा जवळ आल्या की हे हटकून होतं. यावर उपाय आईबापांकडेच आहे. आज कुठे काय करून घेतलं ते पोराला विचारायचं आणि पुढच्या कोचला सांगायचं. कोचने तोंड वाकडं केलं तरी सांगायचं.

चेंडूकडे दुर्लक्ष

आमच्याकडे एकाच जाळीत सगळे चेंडू असायचे, सगळे पाच नंबरचे. पाच नंबर म्हणजे ४१० ते ४५० ग्रॅम, मोठ्यांचा चेंडू. आठ वर्षांपर्यंत तीन नंबर, साधारण बारापर्यंत चार नंबर, एवढं तरी पाळा. “मोठा घेतला की चार वर्षं चालतो” हा हिशेब शाळेच्या बुटांना ठीक आहे.

हवेचं प्रकरण आणखी वाईट. चेंडूत हवा पंक्चरवाल्याकडे भरली जाते. तो बिचारा मोटरसायकलच्या टायरचा माणूस. तीस-पस्तीस पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हा त्याचा रोजचा आकडा. नियमाप्रमाणे चेंडूत साडेआठ ते साडेपंधरा पीएसआय असावी, आणि मुलांसाठी खालच्या टोकाकडे. छोटा हातपंप आणि सुई विकत घ्या, फार पैसे लागत नाहीत. अंगठ्याने दाबल्यावर चेंडू थोडा दबला पाहिजे. दगडासारखा लागला तर हवा सोडा.

आणि पाऊस. जुलै-ऑगस्टात शिवण उसवलेला स्वस्तातला चेंडू पाणी पितो आणि हातात घेतला की वजन कळतं. तो पायाने खेळायला ठीक आहे, डोक्याला लावू नका.

हेडिंग बंद, खेळ तोच

काही कोच हेडिंग बंद केलं असं जाहीर करतात, पण गोलकीपर मैदानाच्या मध्यापर्यंत उंच किक मारतोच आहे, थ्रो-इन (कडेबाहेरून हाताने आत फेकलेला चेंडू) पोरांच्या तोंडावर येतोच आहे. चेंडू हवेत आला की पोरगं डोकं घालणारच. त्याला रागावून काय उपयोग? चेंडू हवेत जाणार नाही असा खेळ आखा. चार-चार किंवा पाच-पाच जण, लहान मैदान. गोलकीपरने चेंडू हाताने घरंगळत द्यायचा. थ्रो-इनऐवजी कडेवरून पायाने आत आणायचा. उंच आलेला चेंडू छातीवर किंवा मांडीवर घ्यायला शिकवा, आपल्या पोरांत हीच गोष्ट कच्ची आहे. सरावात कुणी मुद्दाम डोकं लावलंच तर समोरच्या संघाला अप्रत्यक्ष फ्री किक (जिच्यावर थेट गोल करता येत नाही) द्या, अमेरिकेत दहापर्यंतच्या मुलांच्या सामन्यात तसाच नियम आहे. दोन आठवड्यांत पोरं स्वतःच एकमेकांना टोकायला लागतात.

आमच्या मुरमाच्या मैदानावर दोघं एकाच चेंडूला उडाली की चेंडूपेक्षा समोरच्याचं डोकं, कोपर आणि खालची जमीन जास्त धोक्याची. फुटबॉलमधली कन्कशनं, म्हणजे मेंदूला बसलेले हादरे, पुष्कळदा अशाच टकरीत होतात.

शिकवणंच सोडून देणं

“बंदी आहे ना, मग मोठं झाल्यावर बघू” हेही चुकीचं. चौदाव्या वर्षी कोरं पोरगं थेट कॉर्नरखाली उभं केलं तर ते डोळे मिटून, मान सैल सोडून टाळूने चेंडू घेईल. हेडरमधलं बरंचसं चेंडू डोक्याला न लावता शिकवता येतं: चेंडूचा टप्पा ओळखणं, उडी कधी घ्यायची, मान-खांदे-पोट घट्ट ठेवणं, डोळे उघडे, तोंड बंद. आम्ही वाढदिवसाचे फुगे वापरतो. फुगा हळू येतो, पोराला कपाळाचा नेमका भाग, केसांच्या रेषेखालचा, सापडायला वेळ मिळतो. मग स्पंजचा चेंडू. खरा चेंडू शेवटी, तोही स्वतःच्या हाताने हळूच वर टाकून. मान बळकट करायला हाताने कपाळावर दाब देऊन डोकं न हलवता धरायचा सोपा व्यायाम पुरतो.

डोक्याला बांधायच्या स्पंजच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात. त्याने खरचटणं, टाके वाचतील. आत मेंदू हिंदकळायचा तो हिंदकळतोच. पट्टी बांधली म्हणून वहीतल्या रेघा वाढवू नका.

लागल्यावर होणारी घाई

पोरगं पडलं. पाण्याचा हबका, दोन घोट ग्लुकोज, कपाळाला बाम, “ऊठ, काही नाही झालं,” आणि परत मैदानात. हे चित्र मी इतक्यांदा पाहिलंय की आता चिडही येत नाही. बहुतेक कन्कशनमध्ये मूल बेशुद्ध पडत नाही, त्यामुळे “शुद्धीवर आहे ना” ही परीक्षाच चुकीची. डोकं दुखणं, गरगरणं, धूसर दिसणं, उजेड किंवा आवाज सहन न होणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, विनाकारण रडू येणं, स्कोअर किती किंवा समोर कोण खेळतंय ते न आठवणं, यातलं एकही दिसलं तरी त्या दिवशी खेळ संपला. शंका असली तरी संपला. स्वतः सायकल चालवत घरी जाऊ देऊ नका, घरच्यांना फोन करा आणि चोवीस तास कुणीतरी सोबत राहू द्या. डॉक्टरांना दाखवा.

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, उठवूनही न उठणारी सुस्ती, हातापायात कमजोरी, मानेत दुखणं, यातलं काही असलं तर १०८ ला फोन करा. मान दुखत असेल तर गाडी येईपर्यंत हलवू नका.

परत कधी यायचं, हा भांडणाचा विषय. एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी, मग हळूहळू चालणं, आधी शाळा आणि नंतरच खेळ. ब्रिटनमध्ये हौशी खेळांसाठी २०२३ पासून असा दंडक आहे की किमान २१ दिवस सामना नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका तेरा वर्षांच्या पोराचं डोकं दुसऱ्याच्या डोक्यावर आपटलं आणि बाराव्या दिवशी सामना होता. बाबा म्हणाले, “सर, आता तो ठणठणीत आहे.” मी नाही म्हणालो, आठवडाभर अबोला झाला. सामन्याला पोरगा आला, कडेला छत्री धरून बसला. त्याच्या मांडीवर हजेरीची वही आणि हातात पेन. संघाचे त्या दिवशी एकूण तीन हेडर झाले. त्यातला एक त्याने लाल शाईने गोल केला आणि शेजारी लिहिलं, “हा टाळता आला असता, सर.”