कॅनडा पीआरचा स्कोअर घरी बसून कसा काढायचा आणि पॉइंट्स नेमके कुठे गळतात

कुठल्याही कन्सल्टंटला फी द्यायच्या आधी एक वही, पेन आणि तासभर वेळ काढा, कारण एक्सप्रेस एन्ट्रीचा, म्हणजे शिकलेल्या-अनुभवी लोकांना पीआर (कायमचं राहायची परवानगी) द्यायच्या कॅनडाच्या पद्धतीचा, स्कोअर म्हणजे काही गुपित नाही, सगळी कोष्टकं कॅनडा सरकारच्या साइटवर उघडी पडलीयेत आणि ती बेरीज शाळकरी पोरालाही जमेल. ओळखीतल्या बऱ्याच जणांसोबत मी हा हिशेब मांडलाय आणि दरवेळी तेच दिसतं, माणूस महिनोन्महिने "कट-ऑफ कधी खाली येणार" म्हणून डोळे लावून बसलेला असतो आणि त्याचे स्वतःचे तीस-चाळीस पॉइंट्स त्याने उचललेलेच नसतात.

आधी एक गोंधळ दूर करू. पॉइंट्सचे हिशेब दोन आहेत आणि लोक ते एकात एक मिसळतात. पहिला ६७ वाला. पॉइंट्स देऊन माणसं निवडायची पद्धत कॅनडाने १९६७ मध्ये आणली, तिचंच आजचं रूप म्हणजे फेडरल स्किल्ड वर्करची १०० पॉइंट्सची परीक्षा, त्यात ६७ मिळाले तर तुम्ही पूलमध्ये, म्हणजे उमेदवारांच्या यादीत, येता, नाहीतर नाही. म्हणजे हा नुसता दरवाजा आहे. आत गेल्यावर ज्या स्कोअरने नंबर लागतो तो सीआरएस, १२०० पैकी, आणि २०१५ पासून त्याच्यावरच ड्रॉ, म्हणजे वरच्या स्कोअरवाल्यांना बोलावण्याच्या फेऱ्या, निघतात. भारतातून थेट अर्ज करणाऱ्या बहुतेकांना हे दोन्ही पार करावे लागतात. ज्यांचा कॅनडातच वर्षभराचा अनुभव झालाय आणि जे कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लासमधून जातात त्यांना ६७ ची भानगड नाही.

६७ चं उदाहरण घेऊ. २९ वर्षांचा, लग्न न झालेला, बी.ई., तीन वर्षं नोकरी. वयाचे १२, पदवीचे २१, अनुभवाचे ११, झाले ४४. राहिले भाषेचे. इंग्रजी चारही भागांत सीएलबी (भाषेची पातळी मोजायची कॅनडाची मोजपट्टी) ८ आली तर प्रत्येकी ५ म्हणजे २०, एकूण ६४, म्हणजे दारातच थांबला. सीएलबी ९ आली तर प्रत्येकी ६, एकूण ६८, आत. एवढीशी फट आहे, आणि डिग्री बघून "आपलं तर होणारच" असं धरून चालणाऱ्यांना ती शेवटपर्यंत दिसत नाही.

आता सीआरएस. १२०० पैकी ६०० तुमचे स्वतःचे असतात, वय शिक्षण भाषा अनुभव वगैरे, आणि उरलेले ६०० वरचे, त्याबद्दल पुढे सांगतो. त्याच मुलाचं बघा, वय २० ते २९ मध्ये म्हणून ११०, बॅचलर्सचे १२०, सीएलबी ९ चे प्रत्येकी ३१ म्हणजे १२४. मग येतं स्किल ट्रान्स्फरेबिलिटी नावाचं कोष्टक, ज्याकडे कुणी लक्ष देत नाही आणि खरा खेळ तिथेच आहे. त्यात शिक्षण आणि भाषा मिळून पॉइंट्स, अनुभव आणि भाषा मिळून पॉइंट्स, असं जोड्यांनी मोजतात, वरची मर्यादा १००. याला डिग्री-भाषेचे २५ आणि तीन वर्षांचा अनुभव-भाषेचे ५०. टोटल ४२९.

आता याच मुलाला आयईएलटीएसला, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेला, रायटिंगमध्ये ७ (सीएलबी ९) ऐवजी ६.५ (सीएलबी ८) पडले असं धरा. अर्धा बँड. सगळ्यांना वाटतं सात-आठ पॉइंट जातील. रायटिंगचे ३१ चे २३ होतात, म्हणजे ८ गेले हे खरं, पण जोड्यांचं कोष्टक म्हणतं की चारही भागांत सीएलबी ९ पाहिजे, एक जरी खाली आला तरी खालचा दर लागतो, म्हणून २५ चे १३ झाले आणि ५० चे २५. बेरीज केली तर ३८४. अर्ध्या बँडला ४५ पॉइंट्स! दुसरी कुठलीही गोष्ट दोन-तीन महिन्यांत इतके पॉइंट्स देत नाही, म्हणून मी सगळ्यांना कळकळीने सांगतो की ६.५ वर समाधान मानू नका, रायटिंगचा क्लास लावा, रोज एक पत्र आणि एक निबंध घड्याळ लावून लिहा आणि परत परीक्षा द्या.

तर लक्ष्य एकच, ज्याला सगळे ८७७७ म्हणतात ते, लिसनिंग ८ आणि बाकी तिन्ही ७, म्हणजेच चारही भागांत सीएलबी ९. याच्यावर गेलात तर चांगलंच आहे पण सीएलबी १० चे प्रत्येक भागाला फक्त ३ जास्त मिळतात, जोड्यांच्या कोष्टकात काही वाढत नाही, त्यामुळे ८७७७ आल्यावर आणखी एका अटेम्प्टसाठी पैसे घालवायचे की दुसरीकडे लक्ष द्यायचं हे शांतपणे ठरवा. आणि हो, परीक्षा जनरल ट्रेनिंगची बुक करा, अकॅडमिकची नाही, ही चूक अजूनही होते. सेल्पिप आणि पीटीई कोअर पण चालतात. निकाल दोन वर्षंच चालतो, तारीख कुठेतरी लिहून ठेवा.

शिक्षणाचं. भारतातल्या डिग्रीचं ईसीए, म्हणजे ती कॅनडातल्या कुठल्या डिग्रीच्या तोडीची आहे याचं मूल्यांकन, करावं लागतं, डब्ल्यूईएस किंवा तसल्याच मान्यताप्राप्त संस्थेकडून, रिपोर्ट पाच वर्षं चालतो. इथे गळती अशी होते की लोक फक्त सगळ्यात वरची एक डिग्री पाठवतात. बी.एस्सी. करून बी.एड. केलेली कितीतरी मंडळी आहेत आपल्याकडे, किंवा बी.ई. आणि वर वर्षाचा पीजी डिप्लोमा केलेली. दोन्हींचं मूल्यांकन करून घेतलं, ईसीएने दोन्ही धरले आणि त्यातला एक कोर्स तीन किंवा जास्त वर्षांचा असला तर १२० चे १२८ होतात, आणि जोड्यांच्या कोष्टकात सीएलबी ९ असेल तर २५ चे थेट ५०. म्हणजे ३३ पॉइंट्स, नुसता दुसरा कागद पाठवून! मास्टर्स असेल तर १३५ आणि तिथेही ५०. फक्त तुमच्या डिग्रीचं नाव काय आहे याला किंमत नाही, ईसीए तिला काय म्हणतं त्याला आहे, तीन वर्षांच्या पदवीवरचं एम.कॉम. रिपोर्टमध्ये मास्टर्स म्हणूनच येईल असं गृहीत धरू नका, रिपोर्ट हातात आल्याशिवाय स्कोअर पक्का समजायचा नाही.

नावाचं सांगून ठेवतो, कारण महाराष्ट्रातल्या लोकांना हे हमखास नडतं. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं आणि काही ठिकाणी पुढे आईचंही नाव असतं, पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि लग्न झालेल्या बाईचं तर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं. तिकडच्या माणसाला हे एकाच व्यक्तीचं नाव आहे हे कळायला काही मार्ग नाही. मॅरेज सर्टिफिकेट, नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत, हे आधीच स्कॅन करून ठेवा, आणि विद्यापीठाकडे ट्रान्सक्रिप्टचा अर्ज सगळ्यात पहिल्यांदा टाका, आयईएलटीएसच्या तयारीला लागायच्याही आधी, कारण तिथला वेळ तुमच्या हातात नसतो.

नवरा-बायको अर्ज करत असतील तर हा भाग दोनदा वाचा. आपल्याकडे न विचारता नवऱ्याचं नाव मुख्य अर्जदार म्हणून टाकतात. का? काही कारण नाही, सगळे फॉर्म तसेच भरायची सवय. एका ओळखीच्या जोडप्याचं उदाहरण देतो, तो ३६, बी.ई., सीएलबी ८, दहाएक वर्षांचा अनुभव, ती ३२, एम.टेक., सीएलबी ९, अनुभव तीन वर्षांच्या वर. जोडीने अर्ज केला की कोष्टकं थोडी वेगळी लागतात. तो मुख्य धरला तर वयाचे ६५, शिक्षणाचे ११२, भाषेचे ८८, जोड्यांचे ३८ आणि तिच्यामुळे मिळणारे ३०, एकूण ३३३. तिला मुख्य धरलं तर ८५, १२६, ११६, जोड्यांचे पूर्ण १०० आणि त्याच्यामुळे २०, एकूण ४४७. माणसं तीच, कागद तेच, फरक ११४ पॉइंट्सचा, आणि त्यांनी सहा महिने पहिल्या प्रोफाइलवर वाट बघण्यात घालवले होते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी हिशेब केल्याशिवाय प्रोफाइल टाकूच नका. जो मुख्य नाही त्यानेही भाषेची परीक्षा द्यावी आणि ईसीए करावं, भाषेचे २० आणि शिक्षणाचे १० पर्यंत त्यातूनच येतात.

वय हा एकच आकडा असा आहे की काहीही केलं तरी तो खालीच जाणार. एकट्याच्या कोष्टकात २९ पर्यंत ११०, तिशी लागली की १०५, पुढे दरवर्षी पाच-सहा कमी, आणि चाळिशीनंतर दर वाढदिवसाला ११ जातात, ४५ ला शून्य. म्हणून "पुढच्या वर्षी बघू" हे वाक्य इथे महाग पडतं.

वरच्या ६०० चं आता. सख्खा भाऊ किंवा बहीण कॅनडात राहते, वय १८ च्या वर आणि पीआर किंवा सिटिझन असेल तर १५ मिळतात, बायकोचा किंवा नवऱ्याचा सख्खा भाऊ-बहीण असली तरी चालतं. आपण चुलत, मावस, आते सगळ्यांनाच भाऊ म्हणतो पण इथे आई किंवा वडील एक असायला लागतात. गंमत म्हणजे ६७ वाल्या हिशेबात काका, मामा, मावशी, आत्या तिकडे असेल तर ५ पॉइंट्स आहेत, सीआरएसमध्ये मात्र त्यांचं काही नाही.

प्रॉव्हिन्सचं नॉमिनेशन, म्हणजे कॅनडातल्या एखाद्या प्रांताने केलेली निवड, मिळालं की सरळ ६००, म्हणजे काम झालंच. पण ते प्रांताच्या एक्सप्रेस एन्ट्रीशी जोडलेल्या योजनेतलं पाहिजे, आणि तुमच्या कामाची त्या प्रांताला गरज असेल तरच. क्युबेकची पद्धत पूर्ण वेगळी आहे.

जॉब ऑफरचे पूर्वी ५० किंवा २०० मिळायचे, ते २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले, कारण त्या ऑफर्सचा धंदा झाला होता. आजही कुणी "ऑफर लेटर देतो, दोनशे पॉइंट्स पक्के" म्हणत असेल तर तिथून उठून या. खोटा कागद सापडला तर पाच वर्षांची बंदी बसते, ती तुमच्यावर, एजंटवर नाही.

आणि फ्रेंच. मला विचाराल तर आज भारतात बसलेल्या तरुण माणसासाठी हा सगळ्यात दमदार रस्ता आहे. इंग्रजी चांगली आणि फ्रेंच चारही भागांत एनसीएलसी (फ्रेंचसाठीची सीएलबीसारखीच मोजपट्टी) ७ असेल तर ५० जादा, शिवाय दुसरी भाषा म्हणून १२, म्हणजे आपल्या ४२९ वाल्याचे ४९१. त्याहून मोठी गोष्ट अशी की २०२३ पासून ठराविक गटांचे वेगळे ड्रॉ निघतात आणि फ्रेंचचे कट-ऑफ बाकीच्यांपेक्षा खूप खाली असतात, २९ फेब्रुवारी २०२४ ला ३३६ होता, २१ मार्च २०२५ ला ३७९. त्याच २०२५ मध्ये कॅनडातल्या अनुभववाल्यांचे ड्रॉ ५०० च्या वर होते. अकरावी-बारावीला मार्कांसाठी घेतलेलं फ्रेंच मात्र पुरत नाही हे मोकळेपणाने सांगतो, पाया म्हणून ठीक, पण टीईएफ किंवा टीसीएफ या फ्रेंचच्या परीक्षांना एनसीएलसी ७ यायचं तर नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष रोजचा अभ्यास धरा. मुंबई-पुण्यात अलियाँस फ्राँसेज आहे, ऑनलाइन शिकवणारेही भरपूर आहेत.

जुने कट-ऑफ बघून आशा लावून बसू नका. १३ फेब्रुवारी २०२१ ला कट-ऑफ ७५ होता हे लोक अजून सांगतात, पण तो कोविडमध्ये, कॅनडातच असलेल्या लोकांसाठी काढलेला ड्रॉ होता.

अनुभवाचं एक महत्त्वाचं. तुमचं डेसिग्नेशन काय आहे हे कुणी बघत नाही, रोजचं काम एनओसीच्या (इथे ना-हरकत पत्र नव्हे, कॅनडाची व्यवसायांची यादी) कुठल्या कोडमध्ये बसतं ते बघतात, आणि तो कोड टीअर (कामाला लागणाऱ्या शिक्षण-अनुभवाची पातळी) ० ते ३ मधला पाहिजे. आपल्याकडची रिलीव्हिंग लेटर्स म्हणजे दोन ओळी, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत होते, शुभेच्छा, त्याने काही होत नाही. लेटरहेडवर काम काय करत होता, आठवड्याला किती तास, पगार किती, हे सगळं लागतं. एचआर देत नसेल तर तुमच्या वरच्या माणसाचं प्रतिज्ञापत्र, सोबत सॅलरी स्लिप्स, फॉर्म १६ आणि का मिळालं नाही याचं साधं पत्र लावा. एनओसीचं वर्णन जसंच्या तसं चिकटवू नका, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

तिकडे गेल्यावर राहण्यापुरते पैसे आहेत हे दाखवायचे आकडे दरवर्षी बदलतात, जुलै २०२५ मध्ये एकट्याला १५,२६३ कॅनेडियन डॉलर ठरले होते. उसने आणून भरलेले चालत नाहीत, फ्लॅटची किंमत धरत नाहीत, आणि बायको-मुलं सोबत येणार नसली तरी आकडा पूर्ण कुटुंबाचाच लागतो.

सगळी बेरीज झाली, आकडा कट-ऑफच्या जवळपास नसला तरी ६७ पार आणि कागद तयार असतील तर प्रोफाइल टाकून द्या. प्रोफाइल टाकायला फी नाही, ते वर्षभर चालतं, स्कोअर वाढला की आतच अपडेट करता येतो, आणि कट-ऑफवर सारखेच पॉइंट्स असलेले खूप जण असले तर ज्याने प्रोफाइल आधी टाकलं त्याला आधी बोलावतात. बोलावणं आल्यावर पीआरचा पूर्ण अर्ज भरायला हातात ६० दिवस असतात, त्यात पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स आणि मेडिकल दोन्ही बसवायचंय, त्यामुळे पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर तो आजच बदलायला टाका.