मित्रासोबत मिसळ खायला जाताना

पुण्यात मित्राबरोबर निवांत सकाळ घालवायची असेल, तर खाण्याची जागा आणि गप्पांची जागा वेगळी ठेवा. मिसळीच्या दुकानात रविवारी दहानंतर गेलात की रांग ठरलेली. आत जागा मिळाली तरी पुढची माणसं पाठीशी उभी असतात, बोलणं रंगत नाही. म्हणून शक्यतो आठ-साडेआठलाच पोचा.

नारायण पेठेतल्या बेडेकरांकडे मिसळ पावाबरोबर नाही, स्लाइस ब्रेडबरोबर येते, चवीला गोडसर. दोघांपैकी एकाला तिखट सोसत नसेल तर ही उत्तम. कुठेही गेलात तरी सँपल, म्हणजे मिसळीचा पातळ रस्सा, सगळं एकदम ओतू नका. आधी थोडं घाला, कडेने खात जा, फरसाण मऊ पडायला लागलं की पुन्हा घाला. शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीतपणा राहतो, आणि मला तर मिसळीत तेच सगळ्यात प्रिय आहे.

मग चालत डेक्कनला या. १९३५ पासून चालू असलेलं गुडलक कॅफे तिथेच आहे. दोघांत एकच बन मस्का घ्या, चहा मात्र दोन. मिसळीनंतर जीभ चुरचुरत असते, त्यावर मऊ बन आणि गार लोणी फार बरं वाटतं. बनचा तुकडा चहात बुडवून लगेच काढा, नाहीतर लोण्याचा तवंग कपात राहतो.

गर्दी वाढली की उठा. उरलेल्या गप्पांना संभाजी बाग जवळच आहे.