मुलांबरोबरच्या प्रवासाची वही वर्षानुवर्षे कशी लिहावी

मुलांना घेऊन केलेल्या प्रवासाची नोंद ठेवायचे ठरवले, की बहुतेक आईवडील स्थळाचे वर्णन लिहू लागतात. किल्ला कोणी बांधला, लेणी कोणत्या शतकातली, देवळाची शैली कोणती, ही माहिती पुस्तकांत आणि माहितीफलकांवर भरपूर मिळते. चार वर्षांच्या मुलाला घेऊन त्या पायऱ्या चढता येतात का, वाटेत सावली कुठे आहे, स्वच्छतागृह पायथ्याशी आहे की वर, आणि दुपारी दोन वाजता कमी तिखटाचा वरणभात कुठे मिळतो, हे मात्र सहसा कोणी लिहून ठेवत नाही. आमच्याकडे थोरली रांगत होती तेव्हापासून अशी वही चालू आहे आणि ती नात्यागोत्यात, शेजारीपाजारी हक्काने मागून नेली जाते. वही लिहिताना आपल्यानंतर त्याच वाटेने लहान मूल घेऊन जाणारे कुटुंब डोळ्यांसमोर ठेवावे, म्हणजे काय लिहायचे आणि काय गाळायचे हा प्रश्न बराचसा सुटतो.

प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर तारीख, वार आणि प्रत्येक मुलाचे त्या दिवशीचे वय लिहावे. मूल पाच वर्षांच्या आतले असेल तर वय महिन्यांसह लिहावे, कारण अडीच वर्षांचे मूल आणि साडेतीन वर्षांचे मूल यांच्या चालण्यात जमीनअस्मानाचा फरक असतो. ‘लहान मुलांना घेऊन जाण्यासारखे ठिकाण’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘साडेतीन वर्षांचा मुलगा दुसऱ्या दरवाजापर्यंत स्वतः चढला, पुढे कडेवर घ्यावे लागले’ यातून मात्र सगळे कळते. वार लिहिण्याचे कारणही व्यवहाराचे आहे. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करून दोन्ही पाहायची असतील आणि सुटी नेमकी सोमवार-मंगळवारची असेल, तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असा क्रम लावावा लागतो. मूल झोपेतून उठवून, डबे भरून, दोन-अडीच तासांचा प्रवास करून बंद फाटकापाशी पोहोचणे काय असते, हे ज्याच्यावर गुदरले आहे त्यालाच ठाऊक.

अजिंठ्याचेच उदाहरण पुढे नेतो, कारण एका ठिकाणाची नोंद किती बारकाईने घेता येते हे त्यावरून दिसेल. खासगी वाहन फाट्यावरच सोडावे लागते आणि तिथून लेण्यांपर्यंतचे सुमारे चार किलोमीटर अंतर बसने जावे लागते. तेव्हा गाडीत ठेवलेला पाण्याचा कॅन, टोपी आणि बदलायचे कपडे लेण्यांपाशी उपयोगी पडत नाहीत, ते पाठपिशवीत हवेत. तिकीटखिडकीनंतर पायऱ्यांची चढण आहे आणि त्यापुढे वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावरून लेण्यांसमोरची वाट जाते. चढणीमुळे बाबागाडी निरुपयोगी ठरते, म्हणून तान्ह्या बाळासाठी झोळीच घ्यावी. चित्रे असलेल्या लेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात. बूट आणि मोजे काढण्या-घालण्यात लहान मुलाचा सगळा उत्साह संपतो, त्यापेक्षा सुटसुटीत चपला बऱ्या. उन्हातून एकदम अंधारात शिरल्यावर मूल बिचकते. दाराशी थांबून डोळे सरावू द्यावेत आणि मग भिंतीवर काहीतरी शोधायला सांगावे. आमच्या धाकट्याला सतराव्या लेण्यात ‘हत्ती शोध’ एवढेच सांगितले होते. जातककथांच्या त्या गर्दीत त्याने हत्ती तर शोधलेच, शिवाय माकडे आणि हंस आपणहून दाखवले, आणि बाहेर निघायला तोच तयार नव्हता. सव्विसाव्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती वाटेच्या पार टोकाला आहे, तिथे पोहोचेपर्यंत मुले थकलेली असतात. तीच मुख्य आकर्षण असेल तर आधी टोकाला जाऊन मग परतताना बाकीची लेणी पाहावीत. पंधरा वर्षांखालील मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत प्रवेश विनामूल्य असतो, एवढी ओळही नोंदीत असू द्यावी.

किल्ल्यांची नोंद टप्प्याटप्प्यांनी ठेवावी. मळवली स्टेशनजवळचा लोहगड हा मुलांचा पहिला किल्ला म्हणून मला सर्वांत योग्य वाटतो, कारण वर जाणारी वाट बांधीव पायऱ्यांची आहे आणि गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा, महादरवाजा असे थांबे आपोआप मिळतात. कोणत्या दरवाजापाशी मूल बसले, कुठे खाल्ले, कुठून परत फिरावे लागले हे लिहिले, की पुढच्या कुटुंबाला आपला बेत आखता येतो. २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत लोहगड आहे, त्यामुळे तिथली गर्दी आता वाढतीच राहणार. पावसाळ्यातले शनिवार-रविवार लहान मुलांना घेऊन टाळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ओल्या पायऱ्यांवर गर्दीचा रेटा आला तर मुलाचा हात धरून उभे राहण्यापलीकडे काही करता येत नाही.

वाहनांविषयी थोडक्यात. एसटीत पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला तिकीट लागत नाही आणि पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट लागते. रेल्वेच्या आरक्षित डब्यात पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडे पडते, न घेतल्यास अर्धे. रात्रीच्या प्रवासात आठ वर्षांचे मूल एका बर्थवर आपल्याशेजारी नीट मावत नाही, तेव्हा तिथे पैसे वाचवू नयेत. घाटाची नोंद मात्र सविस्तर हवी: कोणता घाट, चढताना की उतरताना, मूल कुठल्या आसनावर बसले होते, शेवटचे काय आणि किती वेळापूर्वी खाल्ले होते, उलटी झाली का. अशा दोन-तीन नोंदी एकत्र वाचल्या की आपल्या मुलाचा कल कळतो. थोरलीला पुढच्या बाजूला, समोरचा रस्ता दिसेल असे बसवले आणि घाटाआधी दूध न देता कोरडे, हलके काही दिले, की आंबोली घाटसुद्धा ती हसतखेळत पार करत असे.

आता वहीतल्या ज्या भागावर माझा सर्वांत जास्त जीव आहे त्याविषयी. मूल जे बोलले ते त्याच दिवशी, त्याच शब्दांत लिहावे. ते शुद्ध करू नये, त्याला गोंडस करू नये, आणि ‘किती हुशार आहे’ असा शेराही मारू नये. मालवणहून होडीने सिंधुदुर्गावर गेलो असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी दाखवल्यावर धाकटा म्हणाला होता, ‘समुद्राला माहीत नाही का इथे विहीर आहे ते?’ हे वाक्य रात्री झोपण्यापूर्वी टिपले म्हणून आज आहे. चार दिवसांनी लिहायला बसलो असतो तर ‘समुद्रात गोडे पाणी पाहून त्याला आश्चर्य वाटले’ एवढेच उरले असते. पुढे काही वर्षांनी त्याच किल्ल्यावर पुन्हा गेलो, तेव्हा त्याने तटाची वळणे पाहून शत्रूची तोफ कुठून लागू पडेल याचा विचार केला, आणि थोरलीने तिथे राहणारी कुटुंबे शाळेला, दवाखान्याला कशी जातात हे विचारले. म्हणून प्रत्येक सुटीत नवे ठिकाण गाठण्याच्या धडपडीपेक्षा एखादे ठिकाण ठरवून पुन्हा पुन्हा करावे, आणि निघण्यापूर्वी जुनी नोंद मुलांसमोर वाचावी. सिंधुदुर्गासाठी एवढे लक्षात ठेवावे, की पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्यामुळे प्रवासी होड्या बंद असतात.

छायाचित्रांच्या बाबतीत कडक राहावे. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये जागेचा ठावठिकाणा साठवला जाऊ शकतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तो पर्याय बंद करावा, विशेषतः घर, शाळा आणि आजोळ या ठिकाणी. व्हॉट्सअॅपवरून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेल्या फोटोत ही माहिती तशीच राहते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. प्रवास चालू असताना ‘आम्ही अमुक ठिकाणी आहोत’ असे जाहीर करू नये, घरी परतल्यावर फोटो दाखवावेत. समुद्रस्नानाचे, रडण्याचे, आजारपणाचे फोटो आपल्या घरातच राहावेत, मग ते कितीही गोड दिसत असोत.

मुले मोठी होतात तसा वहीचा कारभारही त्यांच्याकडे सोपवत जावा. सहा-सात वर्षांचे मूल तिकिटे चिकटवू शकते आणि वाटेचा नकाशा काढू शकते. दहा वर्षांच्या मुलाकडे वेळापत्रक पाहण्याचे आणि खर्च मांडण्याचे काम द्यावे. तेराव्या वर्षाच्या आसपास थोरलीने सांगितले, की तिच्याविषयी लिहिलेले तिला आधी वाचायला हवे. ही मागणी रास्त होती. तेव्हापासून तिच्याविषयीची प्रत्येक ओळ तिला दाखवून मगच वही बाहेर जाते, आणि तिने खोडलेली ओळ का खोडली हे आम्ही विचारत नाही.

वही टिकवायची असेल तर आणखी काही गोष्टी पाळाव्यात. एसटीची आणि दुकानांची बरीच तिकिटे, पावत्या आता उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदावर असतात आणि त्यांवरील अक्षरे काही महिन्यांत उडून जातात. ती चिकटवण्यापूर्वी त्यांचा फोटो किंवा झेरॉक्स काढून ठेवावी. शाईचे पेन पाण्याने पसरते, बॉलपेन किंवा पेन्सिल वापरावी. वर्षातून एकदा सगळी पाने स्कॅन करून एक प्रत दुसऱ्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावी ठेवावी, आणि फाइलचे नाव वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्यावे, म्हणजे ती आपोआप ओळीने लागतात.

जुन्या नोंदी खोडून नव्या करू नयेत. समासात नवी तारीख घालून बदल लिहावा. १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरान गाडी २०१९ च्या अतिवृष्टीत मार्ग खचल्यामुळे बंद पडली आणि नेरळपासूनचा पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१८ ची आमची नोंद पाहून कोणी त्या मधल्या काळात निघाले असते, तर नेरळ स्टेशनवर मुलांची समजूत काढता काढता नाकी नऊ आले असते. आता त्या पानाच्या समासात तीन वेगवेगळ्या शाईंत तीन टिपा आहेत: गाडी बंद, गाडी सुरू, आणि पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो, मात्र अमन लॉज ते माथेरान गाडी चालू राहते, तेव्हा अमन लॉज स्टेशनाजवळच्या दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सीने जावे. यातली शेवटची टीप धाकट्याच्या अक्षरात आहे.