मिरर डिस्कवरचा सर्व्हर अपग्रेड करताय? आधी हे बघा

मिरर म्हणजे दोन डिस्कवर तोच डेटा. तरीही बॅकअप घ्या, आणि तो त्याच सर्व्हरवर ठेवू नका. दिवस मात्र डोकं लावून निवडा. सांगलीत यार्डात हळदीचे सौदे सुरू असताना अडतीच्या पेढीवरचा सर्व्हर उघडलात, तर शेठ जेवू देणार नाहीत. रविवार धरा. यूपीएस आदल्या दिवशी मेन स्विच पाडून तपासा.

आता मुद्द्याचं: बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू होताना सिस्टिम उठवणारा प्रोग्राम (इथे ग्रब), दोन्ही डिस्कवर हवा. दोन्ही! मागच्या वेळी डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) ११ वरून १२ ला जाताना पडद्यावर विचारलं, ग्रब कुठल्या डिस्कवर टाकू? पहिल्या डिस्कपुढे चांदणी होती, दुसरीपुढचा कंस रिकामा. स्पेसबार दाबून तिथंही चांदणी आणायची, एवढंच काम. मी एंटर मारला. चार महिने सगळं झकास. मग एका सकाळी लाइट गेली-आली, पहिली डिस्क दिसेना, आणि डेटा शाबूत असलेली दुसरी 'ग्रब रेस्क्यू'वर, म्हणजे सिस्टिम न उठता अडकलेल्या पडद्यावर, येऊन बसली. बाहेर पट्टीसाठी (विक्रीच्या हिशोबाच्या कागदासाठी) शेतकरी ताटकळलेले.

झालं असं की लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड (मिरर सांभाळणारी सोय) सहसा पार्टिशनचं, म्हणजे डिस्कच्या भागांचं, मिरर करतं. ग्रबचा पहिला तुकडा डिस्कच्या अगदी सुरुवातीला, पार्टिशनच्या बाहेर असतो. मिरर तिथवर पोचतच नाही. ग्रबचे बाकीचे तुकडे, म्हणजे मॉड्यूल्स, मिररमध्ये, ती नवी झाली. दुसरीवरचा तुकडा जुनाच राहिला, दोघांचं जुळेना. हा प्रश्न दरवेळी पडद्यावर येईलच असं नाही, जुनं उत्तर धरून गाडी गपचूप पुढे जाते. म्हणून ग्रब-इन्स्टॉल ही कमांड स्वतः चालवा, दोन्ही डिस्कवर. यूईएफआय (मशीन उठवायची नवी पद्धत) असेल तर ईएसपी या बूटलोडर ठेवायच्या पार्टिशनची तीच गत: दुसऱ्या डिस्कवर हाताने कॉपी करा, मशीनच्या बूट यादीत तिची एंट्रीही करा.

अपग्रेडच्या सुरुवातीला एमडीस्टॅट या मिररची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये दोन 'यू' दिसायला हवेत, प्रत्येक डिस्कचा एक. एका जागी रेघ दिसली तर अपग्रेड विसरा, आधी डिस्क बदला. सिरियल नंबर चिठ्ठीवर लिहून खाचेवर चिकटवा; गडबडीत चांगली डिस्क उपसणारे मी पाहिलेत.

एक डिस्क मिररमधून काढून बाजूला ठेवली, तर फसल्यावर जुनी सिस्टिम हाताशी राहते. पण नुसती फेल-रिमूव्ह (मिररमधून काढायच्या कमांड) करून थांबू नका, केबलही काढा. नंतर जोडली की डेटा सिंक होतो, बूटलोडर होत नाही. परत ग्रब-इन्स्टॉल! कंटाळा करू नका.

घरून करणार असाल तर टीमक्समध्ये करा, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी काम चालू राहतं. डेबियन १० वरून थेट १२ ला उडी नाही, ११ मधून जा. १२ साठी सोर्सेसमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची त्या यादीत) नॉन-फ्री-फर्मवेअर हा हार्डवेअरच्या फर्मवेअरचा विभाग घाला. मग रीबूट करून नेटवर्क, प्रिंटर बघा.

शेवटी मशीन बंद करून पहिल्या डिस्कची केबल काढा आणि दुसरीवरून उठतंय का बघा. उठलं तर पहिली परत जोडा. ती आता शिळी धरली जाते, पुन्हा ॲड करावी लागते. सिंक पुरा होऊन दोन 'यू' दिसेपर्यंत दुसरीला हात लावू नका. मग उलट करून बघा.