जुन्या ऑक्टाव्हिया आरएसचं इंजिन बे मोकळं करताय? या चुका टाळा

स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आरएसचं बॉनेट उघडलं की इंजिनाआधी पाईपच दिसतात. १.८ लिटरचं, वीस व्हॉल्व्हचं टर्बो इंजिन आडवं बसवलेलं आणि त्याच्या वर, खाली, मागे जाड-बारीक नळ्यांचं जंजाळ. २००४ च्या सुमारास १५० पीएस ताकदीची सेडान आपल्याकडे रोज दिसणारी चीज नव्हती. ऑक्टाव्हिया तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला जोडली जायची, त्यामुळे महाराष्ट्रात तिच्याबद्दल जिव्हाळाही जरा जास्तच. आता या गाड्यांना वीस वर्षं होत आली. रबर कडक झालंय, प्लास्टिक हात लावला की तुटतंय, आणि परदेशातल्या गुळगुळीत, मोकळ्या इंजिन बेचे व्हिडिओ बघून मालकांचे हात शिवशिवायला लागलेत. त्या व्हिडिओंतल्या बऱ्याच गाड्या फक्त रेसच्या ट्रॅकवर पळतात, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे सुरुवातच कंपनीच्या पाईपांपासून करणं. नीट बघा, पसारा कंपनीचा कमी आणि मागच्या तीन-चार मालकांचा जास्त असतो. बॅटरीच्या प्लसवरून निघणाऱ्या प्रत्येक वायरीचा माग काढा. एक जुन्या सेंट्रल लॉकच्या सायरनला जाते, सायरन कधीच मेलेला. एक हॉर्नच्या रिलेला, रिले केबल टायने लटकवलेला. एक जाड लाल केबल फ्यूजशिवाय थेट डिकीतल्या ॲम्प्लिफायरकडे. ही तर गाडी पेटवायची सोयच. काळी टेप उकलली की आत पिळून जोडलेल्या, हिरवट पडलेल्या तांब्याच्या तारा निघतात. हे सगळं काढलं, मूळ वायरिंग कापडी टेप गुंडाळून त्याच्या जागेवर बसवलं, की अर्धा बे तिथेच मोकळा होतो आणि एकही सेन्सर नाराज होत नाही.

अर्थिंगची पट्टी मात्र काढू नका. इंजिन-गिअरबॉक्सकडून बॉडीला येणारी ती कळकट पट्टी ‘जुनाट दिसते’ म्हणून फेकणारे आहेत. मग स्टार्टर रडत फिरतो, हेडलाईट मंद होतात आणि सेन्सर काहीबाही रीडिंग देतात. पट्टी नवी घाला, बसायची जागा चकचकीत होईपर्यंत घासा.

आता पाईपांकडे. काढायच्या यादीत सगळ्यांचा पहिला नंबर असतो एन२४९ सोलेनॉइडचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या एका छोट्या व्हॉल्व्हचा. तुम्ही ॲक्सिलरेटर झटकन सोडला की थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) बंद होतो आणि त्याच्या अलीकडे दाबलेल्या हवेला वाट हवी असते. डायव्हर्टर व्हॉल्व्ह उघडून ती हवा पुन्हा टर्बोच्या तोंडाशी नेतो. हा व्हॉल्व्ह गरज पडेल तेव्हा साठवलेल्या व्हॅक्यूमवर उघडता यावा, म्हणून हे सोलेनॉइड आणि इनटेक मॅनिफोल्डखालची (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या फाट्यांच्या पाईपाखालची) ती प्लास्टिकची टाकी. मॅनिफोल्डवरून सरळ एक पाईप डायव्हर्टरला दिला तरी गाडी व्यवस्थित चालते, आणि माझ्या मते काढायला परवडणारी ही एकच गोष्ट. पण तिथेही दोन घोळ होतात. एक, सोलेनॉइडचा कनेक्टर काढून ठेवतात, मग चेक लाईट लागते. सोलेनॉइड कनेक्टरला तसंच ठेवून आडोशाला बांधा. दोन, मॅनिफोल्डचं रिकामं तोंड रबरी टोपी लावून सोडून देतात. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) व्हॅक्यूम तिला आत ओढून धरतं, बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आला की तीच टोपी बंदुकीच्या गोळीसारखी उडते. तोंडाला बरोब्बर मापाची टोपी हवी आणि तिला क्लिप हवी.

‘फिस्स’ आवाजासाठी डायव्हर्टरची हवा बाहेर सोडणं हा निव्वळ हौसेचा प्रकार. ती हवा एअरफ्लो सेन्सरने आधीच मोजलेली असते आणि तिच्या हिशेबाने पेट्रोलही पडलेलं असतं. हवा बाहेर गेली, पेट्रोल राहिलं. गिअर बदलताना झटके आणि सायलेन्सरला काजळी, एवढंच हाती लागतं.

ब्रेक पेडल हलकं करणाऱ्या ब्रेक बूस्टरच्या पाईपाला विचार न करता हात लावू नका. या इंजिनात बूस्टरला व्हॅक्यूम पुरेसं मिळावं म्हणून एक छोटा प्लास्टिकचा सक्शन पंप आणि वन-वे व्हॉल्व्ह दिलेले असतात. दिसायला तो नुसताच फाटे फुटलेला पाईप, त्यामुळे ‘हा फालतू आहे’ म्हणून सहज उडवला जातो. काम झाल्यावर ही तपासणी करा: इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा, दाबून धरा आणि स्टार्ट मारा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. मग इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा. पहिला ब्रेक मऊच लागला पाहिजे. नाही लागला तर वन-वे व्हॉल्व्ह उलटा बसलाय किंवा गळतोय. गाडी गेटबाहेर काढू नका.

असाच वन-वे व्हॉल्व्ह क्रँककेस ब्रीदरच्या (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर नेणाऱ्या) पाईपातही असतो. तो उलटा बसला किंवा काढूनच टाकला, तर बूस्ट थेट इंजिनच्या पोटात शिरतो, डिपस्टिक उचलली जाते आणि सीलमधून ऑईल पाझरायला लागतं. तोंडाने फुंकून बघा, हवा एकाच दिशेने गेली पाहिजे. ब्रीदर मोकळा सोडून त्यावर छोटा फिल्टर लावणाऱ्यांना एसी चालू केला की केबिनमध्ये ऑईलचा वास येतो. आणि इथे निळा-लाल सिलिकॉन होस वापरू नका. साधा सिलिकॉन ऑईलपुढे टिकत नाही, काही महिन्यांत चिकट होऊन घामेजतो. पेट्रोलच्या लाईनला तर तो अजिबातच नको.

काचेखालचं प्लास्टिकचं झाकण काढून टाकणं ही खास आपल्या पावसात महागात पडणारी चूक. या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, वायपरच्या खालच्या त्या खणात बसतो. झाकण नसलं की पाणी सरळ आत. झाकण असूनही पाणी जायचे ड्रेन पानांनी तुंबलेले असले तरी तेच. आंब्या-गुलमोहराखाली गाडी लावत असाल तर जूनच्या आधी ड्रेनमध्ये बोट घालून कचरा काढा. ईसीयूच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर बाकीचं क्लीनिंग बाजूला ठेवून आधी ते बघा.

वायरिंग लपवताना टर्बो कुठे आहे ते विसरू नका. तो इंजिनाच्या मागे, फायरवॉलच्या बाजूला आहे, म्हणजे लपवायला सोयीची जागा तीच नेमकी सगळ्यात गरम. हीट शील्ड ‘अवजड दिसतं’ म्हणून काढू नका. क्लिपांचंही तसंच. कूलंटच्या होसवरच्या कंपनीच्या स्प्रिंग क्लिपा दिसायला गावठी असतात, पण गरम-थंड होताना रबराबरोबर फुगतात, आवळतात. स्क्रूने आवळायची चकचकीत जुबली क्लिप एकदा आवळली की तशीच राहते, मग सकाळी थंड इंजिनाखाली गुलाबी थेंब दिसतात.

सगळं करूनही गाडी नीट चालत नसेल तर अंदाजाने पार्ट बदलू नका. स्कॅनरवर मेजरिंग ब्लॉक ०३२ उघडा; ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय ते तिथे दिसतं. पहिला आकडा आयडलचा, दुसरा चालतानाचा. पहिला दहा टक्क्यांच्या वर प्लसमध्ये असेल तर कुठेतरी न मोजलेली हवा आत येतेय, बहुधा तुम्ही नुकत्याच बंद केलेल्या तोंडातून. दुसराच जास्त असेल तर एअरफ्लो सेन्सर किंवा पेट्रोलचा पुरवठा तपासा. पी१२९७ कोड आला म्हणजे टर्बो आणि थ्रॉटलच्या मधला होस सुटलाय किंवा फाटलाय. पाईप नवे असूनही गळती असेल तर उंदराने कुरतडलेत का ते बघा. नक्की जागा सापडायला धुराची टेस्ट (पाईपांत धूर सोडून गळती शोधणं) करणारं गॅरेज गाठा, तासाभराचं काम असतं.

पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा चारकोल कॅनिस्टर आणि सायलेन्सरकडे जाणारा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांना मात्र हात लावायचा नाही. कॅनिस्टर गेला की पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास दरवळतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल करू देत नाही, आणि पंधरा वर्षं उलटलेली गाडी दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरणासाठी आरटीओत न्यावीच लागते. म्हणून काढलेला प्रत्येक भाग, अगदी ती एन२४९ ची टाकीसुद्धा, कुठून काढला त्याची चिठ्ठी लावून खोक्यात ठेवा. या गाडीचे सुटे भाग आता मागाल तेव्हा मिळत नाहीत.